सोन्यावरची काळी रेघ

३ मार्च
शिंचूला पोचलो. ताइतुंगच्या धक्क्यावर मासे निवडून हाताला बसलेला वास इथं जाईलसं वाटतं. कारखाना लहान, पण काम सोन्याचं. काचेच्या चकतीवर केसाच्या हजाराव्या भागाहून पातळ मुलामा चढवायचा. मग लो मास्तर तेलाचा थेंब लावून ती लोलकावर बसवतात नि खालून लाल लेसर सोडतात. परतलेला उजेड पडद्यावर पडतो. त्या लाल पट्ट्यात एका कोनाला काळी रेघ उमटते, तेवढा उजेड सोनं पिऊन टाकतं. रेघ कुठं पडली, किती गडद पडली, त्यावरून मुलाम्याची जाडी आणि कस कळतो. मी नववीत शाळा सोडलेला, पण लगेच उमगलं. मास्तर खूष.

यंत्रावर शकुनाचा म्हणून खाऊचा हिरवा पुडा ठेवलाय, इकडं सगळेच ठेवतात. धक्क्यावर बर्फाच्या यंत्रावरही असायचा. पुडा हिरवा हवा आणि त्यावरची खायची शेवटची तारीख उलटलेली नको, मग यंत्र शहाण्यासारखं वागतं.

९ मार्च
बो-शान माझ्या सहा महिने आधी लागला. त्याची रेघ सुरीनं कापल्यासारखी, माझी धुरकट. मास्तर म्हणाले, जरा त्याचा हात बघून घे. तो म्हणाला, मासेवाल्या, सोनं आहे ते, बांगड्यासारखं चोळू नकोस. सगळे हसले. मीही हसलो.

महिनाअखेर लेसरवर एकच माणूस राहणार. दुसरा तळघरात, काचा धुवायला.

१४ मार्च
दिवसभर त्याचे हात बघतो. निमुळती बोटं, कसलाही वास नाही. मला का नाहीत तसली?

१६ मार्च
त्याच्या यंत्रावरचा पुडा बदलला. दुकानामागं टाकलेला एक सापडला होता, तोही हिरवाच. तारीख २० मार्च. अजून चार दिवस आहेत, म्हणजे मी तसं काही वाईट केलेलं नाही.

२० मार्च
जेवणाच्या सुट्टीत बो-शान चकतीवर वाकला तो वाकलेलाच राहिला. डॉक्टर म्हणाले, हृदय. मास्तर पोरासारखे रडले. माझ्यासाठी कोण रडलं असतं?

लेसरवर आता मी.

२३ मार्च
त्याची शेवटची चकती अजून लोलकावर आहे. रेघ चव्वेचाळीस अंशावर होती, आज सरकलीय. मास्तर म्हणाले, वर काहीतरी बसलंय, श्वासाची वाफ बसली तरी सरकते, पूस. पुसली.

परत सरकली.

२५ मार्च
अल्कोहोलनं धुतली. तरी पंचेचाळीस. मला वाटतं, कुणीतरी तिच्यावर श्वास टाकतंय. मास्तर म्हणतात, सरकली तरी रेघ बघ केवढी गडद, पोराचा हातच तसा.

मेल्यावरही त्याचंच कौतुक.

२७ मार्च
ती चकती फोडली. तो पुडाही जाळला. नवा आणला, हिरवा. तारीख नोव्हेंबरची, दोनदा वाचली.

२९ मार्च
पुड्यावर ३१ मार्च. नोव्हेंबर होती — मी वाचली होती. दुसरा आणला. त्यावरही ३१.

पळून जावं. पण मग लेसर दुसऱ्या कुणाला — नाही.

३० मार्च
माझी रेघ सुरीनं कापल्यासारखी आली. मास्तर म्हणाले, उद्यापासून कायमचा, तुला बो-शानचा हात आलाय.

हात हुंगले. माशांचा वास नाही. बोटं निमुळती —

३१ मार्च
जेवणाची सुट्टी. मास्तर बाहेर. रेघ सरकतेय. मी श्वास धरलाय — तरी वाफ बसतेय, सोन्याच्या आतल्या बाजूनं —

हात माझं ऐकत नाहीत. मान खाली — चकतीकडं —

कानाशी कुणीतरी म्हणतंय, मासेवाल्या, सरक जरा, माझी जागा