ठोके उत्तम

चि. अभय यास रागासकट आशीर्वाद,

छातीचे ठोके मोजून तुझ्या फोनवर कळवणारं घड्याळ माझ्या मनगटावर बांधून तू बंगळुरूला जाऊन मोकळा झालास. छातीत फडफडलं की तुला घोर नको म्हणून मी ते काढून ठेवते, थांबलं की पुन्हा बांधते. मग तुझा मेसेज येतो, "आई, ठोके उत्तम!" अरे, घड्याळाला विचारतोस, मला कधी विचारणार?

आज फडफडता फडफडता जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या कांताबाई ओरडल्या, "आता थांबायचं नाही!" त्या रिक्षा आणायला गेल्यात, तेवढ्यात हे खरडतेय. पाठवणार नाही. पाठवलं तर आणखी महाग घड्याळ धाडशील.

दवाखान्यात निघाले. तुझे बाबा दुपारचे घोरतायत, त्यांच्या मनगटावर घड्याळ बांधलंय. ठोके उत्तम येतील, निश्चिंत राहा.

तुझी,
घड्याळाबाहेरची आई