दोरावरचं काम

४ डिसेंबर, वरूड
शेजारच्या संत्र्याच्या बगिच्यात मोटर विहिरीत पडली. बोलावणं मलाच. कमरेला दोर, वरचं टोक बाबांच्या हातात. ते दुसऱ्या कुणाला धरूच देत नाहीत. दुसऱ्या बुडीत मोटरीला साखळी अडकवली, ती वर. चहा झाला, शिवाय पिशवीभर संत्री. आपल्याकडे जशी काही संत्री मिळतच नाहीत!
संध्याकाळी अकोल्याहून ताईचा फोन. भाऊजी ज्या धरणावर गाडी चालवतात तिथे मुंबईची डायव्हिंग कंपनी आलीय, दरवाजे तपासायला. माणूस हवाय. बुड्या मारायचा पगार! पाहून यायला काय जातं.

७ डिसेंबर, अकोला
ताई म्हणाली, "तिथं जास्त बोलू नको, तुले सवय आहे." खरं आहे. कंपनीचे परब साहेब मालवणचे, विहिरींचं ऐकून खूश. दम किती वेळ धरतोस, विचारलं. जरा वाढवूनच सांगितलं. नुसते हसले. उद्या काठाजवळ उतरवून बघणार.

८ डिसेंबर
फजिती.
डोक्यावर हेल्मेट, वरून नळीतून हवा, कानात साहेबांचा आवाज. पाण्याखाली कुणी बोलतंय, मजाच वाटली. आणि सवयीने दम धरला! हवा येतेय अन् मी शहाणा तोंड मिटून.
"बुडबुडे कुठे आहेत? श्वास घे रे!"
घेतला. चार पावलं गेलो, पुन्हा तेच.
"अरे, ही विहीर नाही! नळीतली हवा घेऊन असा दम धरून वर आलास तर ती फुगून फुप्फुस फाटेल."
शेवटी बाहेर काढलं. रागावले नाहीत. म्हणाले, सवय मोडायला वेळ लागेल, तोवर दोरावर ये. म्हणजे काठावर उभं राहून खालच्याचा दोर-नळी सांभाळायची. बुडीचं पुढे बघू, जमलं तर.
फार वाईट वाटलं. अख्ख्या वरूडात माझ्यासारखी बुडी कुणाची नाही, आणि मी काठावर?

१० डिसेंबर, वरूड
बाबा संत्र्यांचे क्रेट भरत होते. सांगितलं, नाही म्हणून कळवतो, हलकं काम आहे.
त्यांचा हात थांबला. "हलकं? मंग मी इतके वर्सं विहिरीवर काय करून रायलो होतो?"
मी एक रिकामा क्रेट पुढे ओढला.
"तू खाली गेला का माहा सारा जीव त्या दोरात असते. जरासा वेगळा हालला तरी समजते मले. तुले नाई येत ते. शिक."
असं कधी बोलले नव्हते. लाज वाटली आणि बरंही वाटलं. मग दोघांनी मिळून क्रेट भरले.

१२ डिसेंबर
साहेबांना फोन केला, येतो म्हणून. सोमवारी हजर व्हायचं. धरणाचं आटोपलं की समुद्रावर. समुद्र अजून पाहिलेला नाही! आई आत्तापासून लाडू बांधतेय.
मला पाण्यात कधी उतरवाल, हे विचारायचं ठरवून फोन लावला होता. विचारलं भलतंच, की मी दोर धरेन तेव्हा खाली कोण असेल?
"सलीम," साहेब म्हणाले. "दोन मुलींचा बाप आहे."