नारिंगी पट्ट्याची घाई

ओस्टरबेक, २२ सप्टेंबर १९४४

लाडके आल्टे,

आधी कोण आलं सांगू? वाट बघत होतो आपल्या लीनच्या बाळाची, अन् कोबीच्या वाफ्यात हवाई छत्रीनं उतरला इंग्रज शिपाई! मागोमाग शंभरेक. मी बाई हरखले, सफरचंदं वाटली, जर्मनांनी बंदी घातलेला आपल्या राणीच्या घराण्याचा नारिंगी पट्टा खिडकीला बांधला. शेजारीण ओरडली, "म्हातारे, एवढी कसली घाई? जर्मन अजून नदीवरच्या पुलावरच आहेत!" तोवर जावई वेसेल शिपायांना पुलाची वाट दाखवायला गेलासुद्धा.

आता तोफा जवळ आल्यात. पट्टा चुलीत घातला, पण जर्मनांनी तो पाहिला असेल तर?

नातू गोंडस आहे हो, तळघरातही गाढ झोपतो. तुझा गुडघा कसाय? आमची काळजी करू नकोस.

वेसेलला घेऊन मंगळवारी परत येतो, असं शिपाई म्हणाले होते. आज शुक्रवार.

तुझी ग्रीत