जेवणवेळी उघडं दार

जूचंद्र, १० फेब्रुवारी २०२५

चि. तेजस्वीस काकीचे अ. आ.

आशीर्वाद रीत म्हणून दिलेत, मनातून आज एकही निघत नाही. फोन मुद्दाम उचलत नाही. उचलला तर तोंडातून शिव्या जातील आणि तुझ्या पुण्याच्या ऑफिसात त्या शोभायच्या नाहीत.

'फारशी न पाहिलेली शहरं' म्हणून तू वसई-विरारवर लिहिलंस, ते शेजारच्या कल्पेशने वाचून दाखवलं. किल्ला लिहिलास, पाचूबंदरचा मासळीचा लिलाव लिहिलास, निर्मळच्या केळी लिहिल्यास. बरं केलंस. शेवटी माझं घर कशाला गं घातलंस? म्हणे, जूचंद्रला देवळामागे निळ्या दाराचं घर आहे, जेवणवेळी कुणीही जा, पुतळाकाकी उपाशी पाठवत नाही.

आपल्यात जेवणवेळी दार लावत नाहीत. आलेल्याला जेवलास का म्हणून विचारत नाहीत, सरळ ताट वाढतात. तुझी आई गेली तेव्हा तूही याच दारातून आत आलीस, सहा वर्षांची. ती रीत गावजेवणाची दवंडी पिटायला नव्हती शिकवली.

काल बावीस माणसं आली. एकीने तर चिंबोऱ्या का नाहीत, लेखात आहेत की, म्हणून मलाच जाब विचारला. तुझे काका ताक पिऊन उठले. माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. लेख काढ.

तुझी काकी


पुणे, १७ फेब्रुवारी

ती. सौ. काकीस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग वाईट वाटलं. पण काकी, जूचंद्र म्हणजे नायगाव पूर्वेच्या टॉवरांमागचं कसलंसं गाव, एवढंच लोकांना माहीत होतं. आता ते तुझ्या भाकरीने ओळखतात. लेख एवढा चाललाय की संपादक साइटवरून काढू देणार नाहीत.

मला एक सुचतं. फुकट का वाढतेस? थाळीचा दर लाव, दारावर पाटी लाव, आधी फोन करून येतील. मदतीला एक बाई ठेव. रागावू नकोस, माया आहे तेवढी राहू दे.

तुझी तेजू


जूचंद्र, २४ फेब्रुवारी

तेजस्वी,

थाळीचा दर! उद्या तू माहेरी आलीस की तुला कितीला वाढू, तेही छापून पाठव.

परवापासून दाराला कडी घालते. लग्न होऊन या घरात आले त्याला बेचाळीस वर्षं झाली, जेवणवेळी कडी पहिल्यांदा. बाहेर कुणी वाजवलं की आतून ओरडते, इथं जेवन नाय, पुढं व्हा. आणि आत बसून आम्ही दोघं चोरासारखे जेवतो. घास उतरत नाही. झालं तुझं समाधान?

काकी


पुणे, १० मार्च

ती. सौ. काकीस, शि. सा. न.

संपादकांशी भांडून लेख काढायला लावला. ते तोंडाने सांगावं आणि तुझे पाय धरावेत म्हणून काल आले होते.

साडेबाराला कडी वाजवली. आतून तुझा आवाज आला, इथं जेवन नाय, पुढं व्हा. नाव न सांगताच मी पुढे झाले. चुकले, काकी.

तेजू


जूचंद्र, १५ मार्च

कार्टे,

नाव सांगायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं? लेखात तर भारी पोपटासारखी बोलतेस!

पत्र वाचून तुझे काका माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या दारातून आजवर आपलं म्हणावं असं एकच माणूस उपाशी गेलं, आणि तेही माझ्या मांडीवर मोठं झालेलं. हे मी आता मरेपर्यंत विसरू कशी, सांग.

कडी कल्पेशकडून उपटून घेतली. लेख निघाला तरी वाचलेले यायचे थांबलेत थोडेच? येऊ देत. पण दर रविवारी त्यांच्या भाकऱ्या थापायला तू यायचंस, माझ्या गुडघ्यांनी नाही होत. पहिल्या रविवारी साडेबाराच्या आत ये. तुझं ताट वाढल्याशिवाय त्या दिवशी या घरात कुणी जेवणार नाही.

आशीर्वाद आलीस की देईन, पाठीत धपाटा घालून.

तुझी काकी