प्रश्न एकोणचाळीस : एककेंद्रकी नसलेली पेशी

३ नोव्हें., सोमवार

कायम जागेच्या परीक्षेची उत्तरतालिका आली. एकोणचाळिसावा प्रश्न चुकला म्हणे माझा.

‘खालीलपैकी कोणती पेशी एककेंद्रकी नाही?’ पर्याय : लिम्फोसाइट, मोनोसाइट, न्यूट्रोफिल, लाल रक्तपेशी. मी न्यूट्रोफिलवर टिक केलं. विचार करायला थांबलेसुद्धा नाही. अकरा वर्षं गडचिरोलीच्या या लॅबमध्ये हेच मोजते आहे : गोल केंद्रकवाल्या पेशी मोनो, म्हणजे एककेंद्रकी, गाठी-गाठींचं केंद्रक असलेल्या पॉली. न्यूट्रोफिल पॉलीत. झोपेत विचारलं तरी हेच सांगेन.

तालिका म्हणते, लाल रक्तपेशी. कारण तिच्यात केंद्रकच नसतं.

नसतं, मला माहीत आहे. पण मोनो-पॉलीच्या हिशेबात लाल पेशीला कोण धरतं? घरात शाकाहारी कोण नाही असं विचारायचं आणि उत्तर सांगायचं, खुर्ची.

जागा एक. कंत्राटीवाल्यांना वयाची सूट धरूनही माझी ही शेवटची परीक्षा. कायम झाले तर आत्ता, नाही तर दर अकरा महिन्यांनी नवा करार, मरेपर्यंत.

रफिकला चंद्रपूरला फोन केला. सीटकव्हरच्या मशीनचा आवाज मागे चालूच. म्हणाला, “तुम्हारी ही लाइन का सवाल, और तुम्हारा ही गलत?” फोन ठेवून दिला. बायकोशी कसं बोलावं हे या माणसाला पंधरा वर्षांत कळलं नाही.

४ नोव्हें., मंगळ.

माझ्यासोबत लॅबमध्ये असलेल्या प्रणालीने तिचे गुण मोजले. माझ्यापेक्षा एका प्रश्नाने पुढे. बाकी कोणी जवळपासही नाही. म्हणजे आक्षेप घेऊन ३९चं उत्तर फिरलं तर मी वर, नाही तर ती.

चिमूरची पोर. दोन वर्षांपूर्वी लॅबमध्ये आली तेव्हा स्लाइडवर रक्ताचा थेंबही नीट पसरवता येत नव्हता. मीच शिकवलं सगळं. आज दुपारी डबा खाताना म्हणते, “ताई, तुमीबी लाल पेशीच लिहिली असन न? तुमीच तं सांगतलं होतं मले.”

काय सांगितलं होतं ते आठवलं. पहिल्याच महिन्यात न्यूट्रोफिल बघून ती ओरडली होती, “याच्यात चार केंद्रकं हाय!” मी खेकसले होते : चार नाहीत, एकच आहे, गाठींच्या मधला बारीक धागा बघ, आकारावर जाऊ नको. तिने ते लक्षात ठेवलं. न्यूट्रोफिलही एककेंद्रकीच, मग उरली कोण, लाल पेशी. शब्दाच्या अर्थाने अगदी बरोबर. मी शिकवलेलं तिने लिहिलं, आणि मी लिहिली सवय.

तिला म्हणाले, “हो, मीपण तेच लिहिलं.”

खोटं बोलले. काय गरज होती?

६ नोव्हें., गुरु.

धानोऱ्याकडची एक बाई आली आहे, छातीत पाणी झालेली. पाण्याचा नमुना मी तपासला. डॉक्टरांचा फोन : “मोनो की पॉली?” मी म्हणाले, मोनो, जवळजवळ सगळ्याच. “मग टीबी धरूनच चालू या.” एवढ्या एका शब्दावर तिच्या उपचाराची दिशा ठरली. पेशीत केंद्रकं किती, हे त्यांनी अकरा वर्षांत एकदाही विचारलेलं नाही.

म्हणून धीर करून संध्याकाळी त्यांच्याकडेच गेले. म्हटलं, सर, दोन ओळी लिहून द्या, की लॅबच्या भाषेत न्यूट्रोफिलला एककेंद्रकी म्हणत नाहीत. आक्षेपाला जोडते. त्यांनी चष्मा पुसला. “तांत्रिकदृष्ट्या तालिका चूक नाही हो, मॅडम.”

“पण सर, तुम्हीच रोज मोनो की पॉली विचारता ना?”

“ते आपलं बोलण्यापुरतं.”

बोलण्यापुरतं! त्या बाईला जाऊन सांगा म्हणावं, तुझा आजार बोलण्यापुरता आहे.

सही द्यायची नव्हती, एवढंच. उद्या कोणी विचारलं तर नाव नको. मीही त्यांच्या जागी असते तर दिली नसती बहुतेक. तरी राग आला, अजून आहे.

७ नोव्हें., शुक्र.

आक्षेपाला पुस्तकाचं पान जोडलं तरी चालतं. मंगळवारी पाचपर्यंत मुदत. माझ्या जुन्या रक्तशास्त्राच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय : व्यवहारात मोनोन्यूक्लिअर म्हणजे लिम्फोसाइट आणि मोनोसाइट, न्यूट्रोफिल वेगळे. पुस्तक कुठे? प्रणालीकडे. परीक्षेसाठी मीच दिलेलं. आणि ती धानकापणीला सुट्टी टाकून चिमूरला.

फोन केला. म्हटलं, जरा पुस्तक हवं होतं.

पलीकडे मळणीयंत्राचा आवाज. मग, “कोनतं पान पायजे, ताई?”

म्हणजे मी आक्षेप घेणार हे कळलं तिला. मंगळवारचं माझं खोटंही कळलं.

“सोमवारी आनते मी,” म्हणाली.

नाही आणणार. विसरलं म्हणेल, बस चुकली म्हणेल. मी आणलं नसतं.

९ नोव्हें., रवि., चंद्रपूर

रफिकला सगळं सांगितलं. “डाल दो. हक है तुम्हारा. उसकी उमर पड़ी है, तुम्हारी नहीं.” दुसरं वाक्य गाळलं असतं तर बरं झालं असतं. पण खरं आहे. ती सव्वीसची, अजून चार परीक्षा देईल. पुढची कायमची जागा निघेल तेव्हा मी गुडघ्यांना तेल लावत बसलेली असेन.

दिवसभर मनात तिच्याशी भांडत होते. तिचं काय चुकलं, हे काही सापडलं नाही.

१० नोव्हें., सोम.

आली. बसमधून उतरून थेट लॅबमध्ये, केसात भुसा तसाच. पुस्तक टेबलावर ठेवलं. पानात बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं, आणि मला हव्या त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ. माझी नव्हे, तिची. काल रात्री तिने शोधून ठेवली असणार.

“टाका तुमी आक्षेप, ताई. तुमचं बरोबर हाय.” मग हात धुवायला वळली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “पन मंग माह्यंबी चूक नाई न?”

“नाही,” म्हणाले.

“तसं लिहाल तुमी?”

लिहीन म्हणाले. दोन्ही उत्तरं बरोबर असं लिहीन. तिला आणि मला सारखे गुण पडतील, आणि सारखे असले की वयाने मोठी असेल ती वर, म्हणजे मी. हे तिलाही ठाऊक आहे. तरी तिने पुस्तक आणलं. आपण किती कोत्या मनाच्या आहोत हे कोणी असं दाखवू नये माणसाला.

११ नोव्हें., मंगळ., चार वाजून वीस

फॉर्म उघडला. प्रश्न क्रमांक, पानाचा फोटो, सगळं भरलं. मग : ‘आपल्या मते योग्य पर्याय’. चार गोल, त्यातला एकच दाबता येतो. न्यूट्रोफिलचा तीन दाबला की लाल पेशीचा चार पुसतो. चार दाबला की तीन. दोन्ही बरोबर म्हणायची सोय नाही. रिकामं ठेवलं तर फॉर्म पुढे सरकत नाही. खाली रकाना : ‘उत्तरतालिकेतील पर्याय चूक असण्याचे कारण’.

दोन्ही बरोबर आहेत, असं कारणात लिहून पाहिलं. खाली लाल अक्षरं : निवडलेला पर्याय व कारण विसंगत असल्यास आक्षेप फेटाळला जाईल.

प्रणाली रिपोर्ट द्यायला वॉर्डात गेली आहे. जाताना विचारलं, “टाकला का?” मी म्हणाले, टाकतेय.

पावणेपाच. गोल तीनवर दाबलाय. रकान्यात एवढंच आहे : ‘पर्याय चार चूक आहे, कारण’