तिच्यानंतर एक दिवस

१२ जून

ती. दादास, सा. न. वि. वि.

वर्षात तिसऱ्यांदा पडलास, आणि ते मला तुझ्या शेजारणीकडून कळावं? नर्स म्हणून तीस वर्षं हेच पाहिलं, या वयात माणूस पडला की अंथरूण धरतो. वहिनी आधीच अर्धांगाने खाटेवर. तूही आडवा झालास तर तिची कूस कोण बदलणार? आमच्याकडे सकाळी ‘ताई-ची’ नावाचा व्यायाम शिकवतात. चिनी व्यायाम, सगळं सावकाश. तोल सुधारतो, पायांत बळ येतं, झोप लागते. चित्रं काढून पाठवतेय. गोळ्या मात्र सोडू नकोस.

रागावले म्हणून लोभ कमी समजू नये.
तुझी चिमी

३० ऑगस्ट

चि. चिमीस, अनेक आशीर्वाद.

तुझी चित्रं कपाटाला टाचणीने लावली आहेत. रोज वीस मिनिटं, हिच्या खाटेसमोर. हिचं म्हणणं, शिंप्याची सवय जाईना, मी हवेतच कोटाचं माप घेतोय. स्वतःचा चांगला हात मात्र माझ्याबरोबर हलवते. तेव्हापासून एकदाही पडलो नाही.

खरं सांगतो, मला शंभर वर्षं जगायचं नाही. हिच्यानंतर एक दिवस, बस. मी आधी गेलो तर परक्यांचे हात लागतील, याची हिला फार धास्ती आहे. बायको आधी जावी म्हणणारा नवरा तुला नीच वाटेल.

माया कमी करू नकोस.
तुझा दादा

१४ नोव्हेंबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

नीच कसला, वेडा आहेस. तुला काही झालंच तर वहिनीचं सगळं मी करीन, शब्द देते. तिला सांग, दादाचा तो हवेतला कोट कधी शिवून होऊ नये, मापं रोज चालूच राहू देत.

दोघांचा लोभ हवा.
चिमी

९ फेब्रुवारी

चि. चिमीस, अनेक आशीर्वाद.

ही गेल्यावर तू पंधरा दिवस राहिलीस, फार आधार वाटला. खाट अजून तिथेच आहे. सकाळ झाली की पाय आपोआप तिच्यासमोर जाऊन उभे राहतात. वीस मिनिटं होतात.

काल डॉक्टरांकडे गेलो होतो. ते म्हणाले, रक्तदाब उत्तम, पाय पन्नाशीच्या माणसाचे, असंच चालू ठेवा, दहा-पंधरा वर्षं बघायला नको. मी तिथेच रडलो. त्यांना वाटलं, आनंदाने. चिमे, मी एका दिवसाचीच तयारी केली होती गं.

पत्र लिहीत जा.
दादा