बर्फाकाठची गंगम्मा

होटगी,
९ डिसेंबर २०२४

चि. श्रीदेवीस,
तुझ्या आप्पाचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. गुडघा दुखतो, पण चालतो. ज्वारी पोटरीत आलीय. रविवारी अक्कलकोटला जाऊन आलो. कॅनडाच्या त्या टोकाला टपाल पोचायला महिना जाईल, म्हणून या कागदांचे फोटो काढून पाठवतोय. फोनवर बोलायला तोंड नाही.

तुझ्या गावचा शिकारी जोआनासी बर्फ फुटून बुडाल्याचं तुझ्या मेसेजमध्ये वाचलं आणि पुढचं ताट सारलं. तीस वर्षं मी रेल्वेत कीमॅन होतो. हातोडा मारला की आवाजावरून कळायचं, रूळ कुठं ढिला आहे. तोही म्हणे भाला ठोकून बर्फाचा आवाज ऐकायचा. आजोबांच्या वाटेनंच निघालेला माणूस, पण यंदा समुद्र नीट गोठलाच नाही. इथं उन्हानं रूळ वाकला तर आम्ही लाल झेंडा दाखवतो. त्याला कोण दाखवणार? धूर आपल्या सगळ्यांच्या गाड्यांचा आणि कारखान्यांचा, बुडाला तो.

माझं त्याच्याशी एकदाच बोलणं झालं, तेही अर्धवट. तुझी आई गेली त्याच आठवड्यात त्याला मुलगी झाली. बाळंतपण करणारी नर्स तू, आणि तूच रडत होतीस. म्हणून त्याच्या आईनं, एलिसापीनं, पोरीचं नाव तुझ्या आईचंच, गंगम्मा, ठेवलं. तिकडच्या मूळच्या इन्युइट लोकांत गेलेल्याचं नाव दिलं की ते माणूस परत आलं असं धरतात, नातंसुद्धा तेच चालू ठेवतात. व्हिडिओवर त्यानं पोर पुढं धरली आणि हसत काहीतरी म्हणाला. तू मराठीत सांगितलंस, "आप्पा, तो म्हणतोय, तुमची बायको आलीय, बोला की तिच्याशी."

मी पेटलो. जन्मभर तिच्या गळ्यात इष्टलिंग, कधी अंड्याला शिवली नाही, आणि तिचं नाव सीलचं मांस खाणाऱ्या घरात? "नाव परत घ्या म्हणावं," असं ओरडून मी फोन कट केला.

एलिसापीचं उत्तर तू जसंच्या तसं कळवलंस. "मी लहान असताना सरकारनं आमच्या नावांऐवजी नंबर लिहिले, गळ्यात बिल्ले घातले. शाळेत आमची भाषा बोललो तर मारलं. नाव काढून घेतल्यावर काय होतं ते मला माहीत आहे. मी काढणार नाही. पण गंगम्माला मांस चालत नसेल, तर ही पोर स्वतः मागेपर्यंत तिला देणार नाही."

वाचून लाज वाटली. तरी दोन महिने मी उत्तर दिलं नाही, कारण लाज त्या एकाच गोष्टीची नव्हती.

आईच्या शेवटाला तू आली नाहीस म्हणून मी तुला चारचौघांत बोललो. शेजारच्या मथुराबाईंना सांगितलं, पोरगी दगड निघाली. तू सगळं ऐकून घेतलंस.

आजारपणाचे अकरा दिवस ती रोज म्हणायची, "श्रीदेवीला फोन लावा की ओ. आवाज तरी ऐकते." मी फोन कानाला लावायचो आणि म्हणायचो, "लागंना झालाय. तितं बर्फ लई हाय."

मी नंबर लावतच नव्हतो, पोरी. तिचा फोनही बंद करून कपाटात ठेवला होता, आजारी माणसाला त्रास नको म्हणून. खरं म्हणजे माझं न ऐकता तू तिकडं गेलीस, तर आधी तूच मला फोन करावास, एवढा माझा हट्ट. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पोरगी कामात असंल."

तिनं तुला दोष दिला नाही. तो मी दिला.

एलिसापीबाईंना विचार. आता त्यांच्या घरात दुःख आहे, त्या हो म्हणाल्या तरच रविवारी गंगम्माला फोनसमोर धर. जोआनासी सांगत होता ना, बोला तिच्याशी. मला एवढंच बोलायचंय, "गंगा, फोन लागत होता."

तू ते ऐकशील. ऐकून फोन कट केलास तरी माझी तक्रार नाही.

तुम्हा दोघींचा अपराधी,
आप्पा